बानूच्या पोरांचं आडनाव

बानू माझी धाकटी बहीण. सख्खी. माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. जमातवाल्यांनी सांगितलं, रहिमतुल्लाभाई, यंदाच्या अंकात आपल्या एखाद्या माणसाबद्दल लिहा, तेव्हा सगळ्यांना वाटलं मी माझ्याबद्दलच लिहीन. लिहिण्यासारखं आहेच. अठ्ठ्याहत्तर साली बहरीनला उतरलो तेव्हा खिशात सातवी पासचा दाखला आणि एक स्क्रू ड्रायव्हर होता. आज इथे सनद गावातल्या एसी वर्कशॉपमध्ये माझ्या हाताखाली चौदा माणसं आहेत, त्यातले दोन डिप्लोमावाले. पण ते राहू दे. मी बानूबद्दल लिहितो.

बानू कपडे शिवते. जुफैरला लेडीज टेलरचं दुकान आहे, तिथे. बाई दारातून आत आली की बानू तिच्याकडे एकदा वरपासून खालपर्यंत बघते आणि वहीत आकडे लिहून मोकळी होते. टेप लावते ते नुसतं बाईच्या समाधानासाठी. ही नजर आमच्या अब्बांची. अब्बा होड्या बांधायचे. फळी नुसती बघून सांगायचे कुठे बसेल. आम्हाला होडेकर उगाच म्हणत नाहीत. रत्नागिरीच्या खाडीत कुणालाही विचारा.

तिची एक सवय आहे. शिवताना पाच-सहा टाचण्या ओठांत धरते. ते सगळेच टेलर करतात. पण हिला राग आला, रडू आलं, की हातात कापड नसलं तरी टाचण्या तोंडात. मग कोण काय विचारणार आणि ती काय सांगणार? मा म्हणायची, "ही पोरगी भांडत नाय, टाचण्या चावते." नवरा गेला तेव्हा चार महिने दहा दिवस इद्दतीत घर धरून बसली होती, तेव्हासुद्धा मी कधी गेलो तर ओठांत टाचण्या.

अठ्ठ्याऐंशी साली मी तिला इकडे आणली. व्हिसाचा फॉर्म मीच भरला. फॉर्मचं जरा सांगायला पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं. दर शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजानंतर माझ्या खोलीवर आपली माणसं येतात. कुणाचा पासपोर्ट संपलेला, कुणाला बायकोचा व्हिसा हवा, कुणाच्या पोराचा जन्म नोंदवायचा. माझ्याकडे एक काळं पेन आहे, ते फक्त फॉर्मसाठी. त्याने मी चिठ्ठीसुद्धा लिहीत नाही. आजवर चारशेच्या वर फॉर्म भरले असतील, एक परत आला नाही. बीए झालेले क्लार्क माझ्याकडे फॉर्म घेऊन येतात. युक्ती एकच, मी रकाना कोरा सोडत नाही. कोरा रकाना दिसला की साहेबाच्या मनात शंका येते. तिथे काहीतरी पाहिजेच.

एक्क्याण्णव साली बानूचं लग्न झालं. नवरा इथलाच, बुसैतीनचा. नजीब. पाण्याचा टँकर चालवायचा, आईचे कपडे न्यायला दुकानात यायचा. एवढे कपडे कुठली म्हातारी शिवते, असं मीच एकदा विचारलं होतं. मी हो म्हटलं, पण अट घातली: बानू आपला हिंदुस्थानी पासपोर्ट सोडणार नाही. नजीब हसला. म्हणाला, "रहिमतुल्ला, पासपोर्ट तुम रखो, बानू हमको दो."

चांगला माणूस होता. एवढंच लिहितो.

त्र्याण्णवला सुहा झाली, पंच्याण्णवला अर्सलान. बाप बहरीनी म्हणून पोरं बहरीनी, लाल पासपोर्ट. मग मला कळलं की आपल्याकडे कायदा बदललाय, ब्याण्णव अखेरनंतर परदेशात जन्मलेल्या पोराची नुसती आई हिंदुस्थानी असली तरी चालतं. त्या रात्री मला झोप नाही. माझे भाचे. आजोळी जायला व्हिसा काढणार? होडेकरांच्या अंगणात पाय ठेवायला शिक्का घेणार, पाहुण्यासारखे? मी जिवंत असेपर्यंत तरी नाही.

वर्कशॉपमधल्या एकाने सांगितलं, "भाई, इथे दोन पासपोर्ट चालत नाहीत." मी म्हटलं, "दाखवतो कोण? इथून निघताना लाल, तिकडे उतरताना निळा."

फॉर्म आणले. काळं पेन काढलं. सगळं झरझर भरलं आणि आडनावाच्या रकान्यापाशी आलो. नजीबचं नाव नजीब अहमद यूसुफ. नजीब तो, अहमद बाप, यूसुफ आजा. आडनाव नाहीच. इकडच्या लोकांत पुष्कळांना नसतं, बापाचं नाव लावलं, आजाचं लावलं, खलास. पण रकाना तर आहे. कोरा कसा सोडू? शिवाय खोटं कशाला बोलू, हात शिवशिवला. मी मोठ्या ठसठशीत इंग्रजी अक्षरांत लिहिलं: होडेकर.

एम्बसीतल्या क्लार्कने विचारलंसुद्धा, "हे बापाच्या घराण्याचं नाव आहे का?" मी म्हटलं, "आमच्यात हेच लावतात." नजीबला मी सही कुठे करायची ते दाखवलं. त्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं. "रहिमतुल्लाने लिखा? तो बस," म्हणाला, आणि टँकरच्या बॉनेटवर कागद ठेवून सही केली.

बानूने पासपोर्ट आल्यावर पान उघडून बघितलं. तेवढं इंग्रजी तिला कळत होतं. म्हणाली, "भाई, हे त्यांना सांगितलंस?"

मी म्हटलं, "सांगायचं काय त्यात? नाव चोरीचं हाय काय?"

तिने टाचण्या तोंडात घातल्या. पासपोर्ट माझ्या पेटीत गेले.

सत्त्याण्णवच्या जानेवारीत नजीब गेला. टँकर भरायला लावला होता, पाणी वरून वाहायला लागलं तरी हा उतरेना, म्हणून लोक बघायला गेले. स्टिअरिंगवर डोकं टेकलेलं. अठ्ठेचाळीस वर्षांचा.

बानू बुसैतीनच्या त्याच घरात राहिली. घर नजीबच्या मोठ्या भावाचं, कमालचं. बाप नसला की पोरांचा पालक चुलता. शाळेच्या कागदावर, दवाखान्याच्या कागदावर, पोरं देशाबाहेर न्यायची तरी सही कमालचीच. बानूचा व्हिसाही त्याच्याच सहीवर. कमाल कमी बोलणारा, मासळीची होडी आहे त्याची. बानूला त्याने कधी वावगं बोलल्याचं मी ऐकलं नाही. हे लिहायला मला सोपं जात नाही, पण खरं आहे ते आहे.

अठ्ठ्याण्णवच्या फेब्रुवारीत गावाहून माचा फोन आला. शेजारची महमुदाखाला तिला धरून एसटीडीवर घेऊन आली होती. मला म्हणाली, "रहिमत, माझा एक डोळा गेला. डाक्तर म्हणतो काचबिंदू, दुसरापण दोन-तीन महिन्यांत जाईल. पोरं दाखव मला."

"फोटो पाठवतो, मा."

"फोटो नको रे. फोटोत नाक कळत नाय. सुहाचं नाक तुझ्या अब्बांवर गेलंय म्हणते बानू. ते मला माझ्या डोळ्यांनी बघायचंय. मग गेला डोळा तर गेला."

मा बाई अशी, मागून काही घेणार नाही. आयुष्यात मागितलं ते हे एवढंच.

कमालला बानूने विचारलं. त्याने त्याच दिवशी एक महिन्याचं परवानगीपत्र लिहून दिलं. वर पोरांच्या नानीला न्यायला दोन खोकी खजूर आणून ठेवले. बकरी ईदनंतरच्या बुधवारची तिकिटं काढली, दुपारचं विमान. बानू म्हणाली, "भाई, लाल पासपोर्टवर व्हिसा घेऊया का? आठ दिवसांचं काम हाय."

मी म्हटलं, "निळे हायत ना. माझ्यावर भरोसा हाय की नाय?"

एअरपोर्टला मी सोडायला गेलो होतो. बानूने रात्र-रात्र जागून माला चोळी शिवली होती, ती हातातल्या पिशवीत. सुहा पाच वर्षांची, काउंटरच्या कडेला लोंबकळत होती. काउंटरवरच्या पोराने लाल पासपोर्ट चाळले आणि विचारलं, इंडियाचा व्हिसा कुठे आहे? बानूने माझ्याकडे बघितलं. मी रुबाबात निळे पुढे केले. त्याने दोन्ही शेजारी ठेवले. फोटो तेच, तारीख तीच, नाव वेगळं. त्याने फोन उचलला.

इमिग्रेशनचा साहेब आला. तरुण, नीट इस्त्री केलेला. खाली वाकून सुहाला अरबीत विचारलं, नाव काय तुझं? सुहाने शाळेत सांगतात तसं खणखणीत सांगितलं, "सुहा नजीब अहमद."

त्याने निळा पासपोर्ट तिच्यासमोर धरला. "और ये कौन?"

सुहा म्हणाली, हीपण मीच.

"होडेकर कौन है?" साहेबाने सगळ्यांकडे बघत विचारलं.

आणि मी पुढे झालो. आता आठवलं की अंगावर काटा येतो, पण तेव्हा माझी छाती आपोआप पुढे आली. म्हटलं, "मैं हूँ होडेकर."

"बच्चे तुम्हारे हैं?"

"भाचे... बहन के हैं. मैं मामा."

"तो इन पर तुम्हारा नाम क्यों है?"

मी खिशातलं काळं पेन चाचपलं.

त्यांनी कमालला बोलावून घेतलं. तो होडीवरून तसाच आला, पायजम्याला खवले चिकटलेले. साहेबाने त्याला दोन्ही पासपोर्ट दाखवले, अरबीत वाचून सांगितलं. कमालने निळा हातात घेतला, उलटा, सुलटा. मग माझ्याकडे आला. ओरडला असता तर बरं होतं.

"रहिमतुल्ला, मेरा भाई किधर है इसमें?"

मी घाईने शेवटचं पान उघडलं. "ये देखो, पिताजी का नाम. नजीब अहमद यूसुफ. लिखा है."

"आखरी पन्ना?" तो म्हणाला. "इस्कूल में हाजिरी होता. सुहा नजीब, बोलता. अर्सलान नजीब, बोलेगा. रोज सुबह कोई मेरा भाई का नाम बोलता है. दुनिया में और कोई नहीं बोलता. तुम उसको निकाला, और अपना डाला."

"कमालभाई, वो रकाना खाली था..."

"खाली था तो खाली रखो!"

लाल पासपोर्ट साहेबाने ठेवून घेतले, निळे माझ्या हातात दिले. सांगितलं ते सोपं होतं. निळे एम्बसीत परत करा, तसं पत्र आणा, चुलत्याचं पत्र आणा, लाल मिळतील. मग त्यावर व्हिसा घ्या आणि जा. सगळं मिळून तीन आठवड्यांचं काम. विमान गेलं. अर्सलानला काही कळलं नव्हतं, तो टॅक्सीत बसेपर्यंत विचारत होता, "मामू, नानी कुठंय?" बानूला टाचण्या सापडत नव्हत्या. पर्समध्ये शोधत होती.

कमाल पत्र द्यायला तयार होता. त्याची एकच अट होती, रहिमतुल्लाने बुसैतीनला माझ्या मजलिसमध्ये यावं, घरातल्या मोठ्या माणसांसमोर बसावं आणि म्हणावं, मी चुकीचं लिहिलं. बस. ना दंड, ना लेखी.

मी गेलो नाही.

मी म्हटलं, ज्याने चारशे फॉर्म भरले तो मासळीवाल्याच्या बैठकीत बसून चुकलो म्हणणार? होडेकर कुणाच्या ओट्यावर माफी मागायला गेलेला नाही. मी दुसरे रस्ते धरले. वर्कशॉपच्या अरबाब, म्हणजे आमच्या मालकाला सांगितलं, त्याची ओळख मोठी. तो म्हणाला, इंशाल्ला. पंधरा दिवसांनी विचारलं, पुन्हा इंशाल्ला. मी अर्ज लिहिले, एकाहून एक. पहिल्या अर्जात कायद्याचं कलम घातलं. दुसऱ्यात माचे डोळे घातले. तिसऱ्यात माझी वीस वर्षांची नोकरी घातली. पासपोर्ट खात्यातला म्हातारा हवालदार मला ओळखायला लागला, खुर्ची द्यायचा. प्रत्येक वेळी उत्तर एकच, चुलत्याचं पत्र आणा.

पाचव्या आठवड्यात मी जुफैरला दुकानात गेलो. बानू एका काळ्या अबायाची कड वळवत होती. तोंडात टाचण्या. मी म्हटलं, "धीर धर. अरबाब बोलणार हाय वरती."

तिने एकेक टाचणी काढून उशीला टोचली. सगळ्या. मग बोलली. "भाई, मा आता उजेड तेवढा बघते. महमुदाखाला सांगत होती. माणूस आला की सावली येते म्हणते."

"अगो, मी प्रयत्न करतोय ना."

"एकदा जा. अर्धा तास. काहवा पितील, खजूर देतील. एक वाक्य हाय."

"तुला कळत नाय. आज एक वाक्य, उद्या पोरांवर आपला काय हक्क राहील?"

"आपला?" ती म्हणाली. "भाई, तू मला मशीन घेऊन दिलीस. लग्नाला उभा राहिलास. सगळं खरं. पण पोरं माझी हायत. त्यांचीपण हायत, जे कबरीत हायत. तुझं त्यांत काय हाय?"

मी उठून आलो. खोटं नाही सांगत, पंधरा दिवस तिच्याशी बोललो नाही. माझ्याशी कुणी असं बोललेलं नव्हतं. शुक्रवारी माणसं फॉर्म घेऊन आली तर त्यांना सांगितलं, तब्येत बरी नाही.

जूनमधल्या एका शनिवारी दुपारी शिफ्ट संपताना वर्कशॉपच्या ऑफिसात फोन आला. मा स्वतः होती. मागे महमुदाखालाचा आवाज, सांभाळून गो, सांभाळून.

"रहिमत."

"बोल मा. पोरं येतायत, होतंय काम, थोडं..."

"ऐक. आज सकाळी उठले तर खिडकी कुठं ती सापडेना."

कंप्रेसरची धडधड चालू होती, एका कानावर हात ठेवून ऐकत होतो.

"चाचपत गेले तेव्हा सापडली," मा म्हणाली. "ऊन हाताला लागलं. तू जिवाला लावून घेऊ नको. आणि हां, फोटो पाठवू नको आता."

मी हात धुतले, कपडे बदलले नाहीत, टॅक्सी केली आणि बुसैतीनला गेलो. असरची नमाज नुकती झाली होती. मजलिसमध्ये कमाल होता, त्याचे दोन चुलते होते, एक शेजारी. मी चपला काढल्या आणि दारातच, बसायच्या आधी, म्हटलं, "मैंने गलत लिखा. वो तुम्हारे भाई की जगह थी."

कमाल उठला. माझा चेहरा बघूनच त्याला काहीतरी कळलं असणार. "अम्मा?" त्याने विचारलं.

"जिंदा है. आँख गई. आज."

तो माझ्याजवळ आला. मग म्हणाला, "ये बात तुम ईद के बाद बोलता, रहिमतुल्ला. उसी दिन बोलता." रागाने नाही म्हणाला. त्याचे डोळे भरले होते, आणि मला ते रागापेक्षा वाईट वाटलं. त्याने मला धरून बसवलं, हातात काहव्याची वाटी दिली. पत्र त्याने तिथेच गुडघ्यावर कागद ठेवून लिहिलं. महिन्याचं नाही, जितके दिवस लागतील तितक्या दिवसांचं.

बानूला मी आत जाऊन सांगितलं. सुहा तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती. बानूने खिडकी, ऊन, सगळं ऐकून घेतलं. मग सुहाच्या नाकावरून बोट फिरवलं, वरून खाली, शेंड्यापर्यंत. परत फिरवलं. माला हाताने किती कळेल ते बघत होती बहुतेक. मी बाहेर आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी एम्बसी उघडली तेव्हा आम्ही दोघं पहिले होतो. पासपोर्ट परत करायचा फॉर्म घेतला. मी सवयीने खिशातून काळं पेन काढलं.

"मला दे," बानू म्हणाली.

तिने आयुष्यात फॉर्म भरला नव्हता. तिचे सगळे मी भरले. सुहाच्या वहीवरून कधी इंग्रजी लिहायला शिकली होती मला माहीत नाही. कापडावर खडूने आखते तशी एकेक रेघ ओढत होती, न चुकता. सुहाचा फॉर्म, मग अर्सलानचा. आडनावाच्या रकान्यापाशी पेन थांबलं नाही, सरळ पुढच्या रकान्यावर गेलं.

खिडकीतल्या माणसाने बोट ठेवलं. "बहनजी, ये खाली है."

"हाँ," बानू म्हणाली. "खाली ही है."

त्याने माझ्याकडे बघितलं. तो मला ओळखत होता, तिथे सगळेच ओळखतात. मी खाली माझ्या बुटांकडे बघितलं. त्याने त्या रकान्यात आडवी रेघ मारली आणि शिक्का उठवला.

रद्द पासपोर्टचा कोपरा कापतात. त्याची कात्री बोथट होती, जाड पुठ्ठ्यावर नुसती दुमडत होती. बानूने पर्स उघडली, फडक्यात गुंडाळलेली आपली शिलाईची कात्री काढली आणि खिडकीतून आत दिली. दोन वेळा कचकच आवाज झाला. दुकानात कतरण गोळा करते तशी तिने ती दोन निळी टोकं काउंटरवरून गोळा केली, माझ्या तळहातावर ठेवली, आणि त्या माणसाला विचारलं, "इंडिया के व्हिसा का फॉर्म कौन सी खिड़की पे मिलता है?"